मोडलं तर आणा

आमच्या वाहिनीचं नाव 'निवांत'. नाव ठेवणाऱ्यांना मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, की इथे निवांत नेमकं कोण आहे ते मला दाखवा. पासष्टीच्या पुढची चौदा माणसं, वाचनालयाचं तळघर, दोन कॅमेरे, चार दिवे आणि दर रविवारी दुपारी तीन वाजता गावच्या केबलवर आणि इंटरनेटवर दीड तास. कार्यक्रम आम्हीच करतो आणि बहुतेक आम्हीच बघतो. तळघराच्या छताखालून वरच्या स्वच्छतागृहाचे पाइप जातात. वर कुणी पाणी सोडलं की खाली मुलाखत थांबवावी लागते. आमच्या वयाच्या लोकांच्या गप्पांना तो खळखळाट तसा शोभतोही, पण मला चालत नाही.

मी संपादन करते. पस्तीस वर्षं मी वर्तमानपत्रात मुद्रितं तपासली. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात माझी हयात गेली. इथे अक्षरांच्या जागी माणसं आली, एवढाच फरक. कोण खोकलं, कोण अडखळलं, कुणाची कवळी सरकली, ते सगळं मी उडवते आणि सांधा दिसू देत नाही. माझ्या हाताखालून गेलेला माणूस पडद्यावर दहा वर्षांनी तरुण दिसतो, असं आमच्यात म्हणतात. मला त्याचा गर्व होता. त्या गर्वापायी माझ्या मुलीची आणि तिच्या बाबांची भेट मी हुकवली. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याबद्दल बरं मत करून घ्यायला नको.

आमचे हे घड्याळजी. चौकातल्या कोपऱ्यावर यांचं दुकान चाळीस वर्षं होतं. दुकान बंद केलं आणि हे घरातली घड्याळं उघडून बसायला लागले. स्वयंपाकघरात साडेदहा, बाहेरच्या खोलीत पावणेबारा आणि मोरीत कायम सहा, असं झाल्यावर मीच यांना वाहिनीत ओढलं. 'मोडलं तर आणा' हा यांचा पंधरा मिनिटांचा कार्यक्रम. लोक काहीही आणायचे. गजराचं घड्याळ, इस्त्री, छत्री, नातवाची चावीची मोटार. हे टेबलाशी बसून दुरुस्त करायचे आणि करता करता बोलायचे. समोर चाळीस वर्षांचा शेजारी बसला असला, तरी जन्मात न पाहिल्यासारखा चेहरा करून सुरुवात एकच, "या, बसा. काय बिघडलंय?" एका बाईंनी पंखा आणला तर चारी बाजूंनी बघून म्हणाले, "याला काही झालेलं नाही, याला फक्त घरात कुणी विचारत नाही." त्या बाई पुढे सहा महिने यांना बघितलं की हसायच्या.

आम्हाला एकच मुलगी. तिला बाहेर काय म्हणतात ते जाऊ द्या, यांच्यासाठी ती बबडी. पूल बांधते. सतरा वर्षं अकरा तासांच्या विमानप्रवासावर राहते. आमचे तीन वाजतात तेव्हा तिकडे सकाळ असते. ती कॉफीचा कप घेऊन यांचा कार्यक्रम बघते आणि संपला की फोन करते. यांचं फोनवर कधीच जमलं नाही. सतरा वर्षं दोनच वाक्यं, "तब्येत सांभाळ" आणि "आईला देतो". बाप कसा आहे ते ती पडद्यावरच बघायची. आणि पडद्यावर काय जायचं, ते मी ठरवायचे.

आता चित्रीकरणाची आमची रीत सांगते, कारण तिच्यामुळेच सगळं लपून राहिलं. मी आणि हे सोडून बाकी बाराही जणांच्या कानांत यंत्रं आहेत, आणि ती मायक्रोफोनजवळ शिट्ट्या मारतात. म्हणून बुधवारी दिवे लागले, की कर्नल बिस्किटांचा पत्र्याचा डबा फिरवतात आणि ओरडतात, "कान काढा!" कर्नल सैन्यात नव्हते, टपाल खात्यात होते, पण मिशा आणि आवाज बघून ते नाव पडलं. सगळे आपापलं यंत्र डब्यात टाकतात. त्यानंतर यांच्याखेरीज त्या खोलीत कुणालाही धड ऐकू येत नाही. पांढरा रुमाल हलला की सुरू, लाल हलला की बंद. एकदा डब्यात अदलाबदल झाली आणि कर्नल दोन दिवस दुसऱ्याच्या यंत्रातून बायकोचं ऐकत होते. म्हणाले, बाई बऱ्याच समजूतदार वाटल्या.

म्हणजे कोण काय बोललं, ते गुरुवारी पहिल्यांदा ऐकणारी मी. माझे कान शाबूत आहेत, पण यांच्या चित्रीकरणाला मी खाली थांबत नसे. "तू समोर बसलीस की परीक्षेला बसल्यासारखं होतं," हे म्हणायचे. मग मी वर वाचनालयात मासिकं चाळत बसायचे आणि त्यातल्या छपाईच्या चुकांवर पेन्सिलीने खुणा करायचे. दुसरी रीत अशी, की आमच्याकडे चित्रीकरणाची कार्डं मोजकी. गुरुवारी काम झालं, की ती पुसून डब्यात ठेवायची. भिंतीवर कर्नलच्या अक्षरात पाटी आहे, 'कार्ड पुसल्याशिवाय घरी जाऊ नये.' मी ती पाटी कधी मोडली नाही.

सव्वा वर्षापूर्वीचा एक गुरुवार. कानांना हेडफोन लावून मी बसले होते. पडद्यावर यांच्या हातात चिमटा होता. "आता हा घ्यायचा..." म्हणाले आणि थांबले. चिमट्याकडे बघत राहिले. एकोणीस सेकंद. "हा... आपला हा," म्हणून पुढे गेले. चाळीस वर्षं ज्याच्याशिवाय यांचा दिवस गेला नाही, त्या वस्तूचं नाव यांना सापडत नव्हतं.

मी घरी काही बोलले नाही. संध्याकाळी भाजी निवडताना हेच म्हणाले, "काल जरा अडकलो मी. तेवढं काढून टाक हं. बबडी बघते."

"काढलं," मी म्हटलं.

"कळत नाही ना?"

"मी काढल्यावर कुणाला काय कळणार?"

हे हसले. मीही हसले. मग डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. विसरण्याचा आजार आहे, तो मागे फिरत नाही, पुढेच जातो, असं डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. मुलांना कळवा, म्हणाले. वाटेत हे म्हणाले, "बबडीला सांगू या ना?" मी म्हटलं, सांगू की, घाई काय आहे. तिचा एक मोठा पूल तेव्हा अर्ध्यावर होता. ती येईल, यांच्याकडे बघून डोळ्यांत पाणी आणेल, आणि तिच्या चेहऱ्यावरून यांना आपलं काय झालंय ते रोज कळत राहील, असं मी स्वतःला सांगितलं. कारण वाईट नव्हतं. पण खरं कारण ते नव्हतं.

खरं कारण गुरुवार होता. घरात हे चहात साखर टाकली की नाही ते तीनदा विचारायचे. मोरीत उभे राहून आपण इथे का आलो ते आठवायचे. मला चिडायला व्हायचं, मी चिडायचेही. गॅसवर रिकामं पातेलं ठेवलं म्हणून एकदा इतकी ओरडले, की खालच्या मजल्यावरची बाई वर आली. पण गुरुवारी दुपारी तीन तास मी त्या यंत्रापुढे बसले, अडखळणं काढलं, थांबणं काढलं, दोनदा सांगितलेला विनोद एकदा ठेवला, की पडद्यावर माझा नवरा अख्खा बसलेला असायचा. मिश्कील, चलाख, हाताला थरथर नाही. बबडीला फसवत होते ते खरंच, पण तिच्याआधी मी फसायचे आणि मला ते हवं असायचं.

हळूहळू काढायचं जास्त आणि ठेवायचं कमी होत गेलं. हात मात्र अजून बिनचूक होते. तोंडाला सापडत नव्हतं ते बोटांना सापडायचं. मग मी चेहरा कमी केला आणि हात वाढवले. बोलणं कमी पडलं, तर जुन्या भागांतलं बोलणं आणून त्या हातांवर चढवलं. वर्षापूर्वीचा आवाज, कालचे हात. सांधा मलाही ऐकू यायचा नाही.

बबडीचा फोन आला, "आई, बाबांचा चेहरा हल्ली कमी दाखवता."

"लोकांना दुरुस्ती बघायची असते. तुझ्या बाबांचं नाक कशाला?"

"मला बघायचं असतं ना!" ती हसत म्हणाली. "उन्हाळ्यात येऊ का? रजा मिळेल."

"आता नको. शंभरावा भाग येतोय, तेव्हा ये. बाबांशेजारी बसवू तुला."

तिने आनंदाने हो म्हटलं. शंभराव्या भागाला सात महिने होते. तोवर हे टिकतील असा मी अंदाज बांधला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या बाईचा हा अंदाज.

त्यानंतर दोनेक महिन्यांतली गोष्ट. बुधवारी चित्रीकरण संपवून सगळे वर आले. आमच्या कॅमेऱ्यावर सिस्टर असतात. तीस वर्षं रुग्णालयात काढलेली बाई, तिच्यापुढे कुणाची लपवाछपवी चालत नाही. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही लेकीला कळवलंय ना?"

"कळवलंय की," मी बेधडक म्हटलं.

"मग ठीक. आज टेबलाकडे बघितलंच नाही त्यांनी. थेट माझ्या कॅमेऱ्याकडे बघून बोलत होते. मला काय ऐकू येणार? पण डोळे पुसले त्यांनी. मी लाल रुमाल हलवायला लावला, तरी थांबले नाहीत."

दुसऱ्या दिवशी मी ते ऐकलं. आठ मिनिटं होती. त्यात बोलणं थोडं आणि थांबणं फार. समोरची खुर्ची रिकामी होती, टेबलावर कुणाचं तरी गजराचं घड्याळ उघडून पडलं होतं. यांनी ते बाजूला सारलं, दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि वर बघितलं.

"बबडे," म्हणाले. "तू बघतेस ना? आई म्हणते, दर रविवारी बघतेस. म्हणून इथून सांगतो. फोनवर मला जमत नाही."

मग बराच वेळ काही नाही.

"मला आजार झालाय. विसरण्याचा. आई तुला सांगायची नाही. ती कुणाची चूक कुणाला दाखवत नाही, स्वभाव आहे तिचा. तर मी काय करतो... मी रोज सकाळी उठलो, की आधी तुझा चेहरा आणून बघतो. घड्याळाला रोज किल्ली देतो ना आपण, तसं. रोज येतो. काल वेळ लागला. काल बराच वेळ लागला गं."

चष्मा काढला. घड्याळाच्या काचा पुसायचं फडकं घेतलं आणि त्याने डोळे पुसले.

"तू ये. कामं असतील तर उरकून ये. पण ये. मी ओळखतोय तोवर ये."

मला आधी काय वाटलं असेल? राग आला. खरंच सांगते, राग आला. अख्ख्या गावासमोर! केबलवर! भाजीवाल्यापासून वर्तमानपत्रातल्या माझ्या जुन्या साहेबांपर्यंत सगळे बघणार आणि सोमवारी माझ्याकडे 'अरेरे' करत येणार. आणि वर माझा स्वभावही काढून ठेवला होता. भान सुटलंय यांचं, मी म्हटलं. कार्यक्रम कोणता, बोलतात काय. भ्रमिष्टासारखं काहीतरी. मी ती आठ मिनिटं उचलली, जुन्या भागातली एक छत्रीची दुरुस्ती तिथे बसवली, भिंतीवरच्या पाटीप्रमाणे कार्ड पुसलं आणि घरी आले. बबडीला मी स्वतः फोन करून नीट सांगेन, असं वाटेत ठरवलं होतं. रविवारी सांगू, म्हटलं.

रविवारी कार्यक्रम लागला तेव्हा हे झोपले होते. उठल्यावर विचारलं, "गेला का कार्यक्रम?"

"गेला."

"सगळा?"

तेव्हा मला कळलं. यांचं भान सुटलं नव्हतं. वर्षभरात यांनी शुद्धीवर राहून, नीट ठरवून केलेली ही एकच गोष्ट होती आणि नेमकी तीच मी चूक समजून काढली होती. अडखळणं मी रोज काढत होते, त्या दिवशी मी यांचं म्हणणं काढलं होतं.

"सगळा," मी म्हटलं.

हे खूश झाले. बबडीचा फोन आला तेव्हा मी तो गॅलरीत नेऊन घेतला. ती म्हणाली, "छत्रीचा भाग आधीही एकदा दाखवला होता का गं?" मी म्हटलं, नाही, छत्र्या सगळ्या सारख्याच दिसतात. तिला तेव्हा सांगता आलं असतं. पण आजार सांगायचा म्हणजे कापलेलं सांगायचं, आणि पुसलेलंही सांगायचं. ते माझ्या तोंडून फुटेना. उद्या सांगू, म्हटलं.

सोमवारी सकाळी उठून बघते, तर हे आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेरच्या खोलीत बसलेले. दाढी केलेली. "कुठे निघालात?" विचारलं. म्हणाले, "कुठे नाही. कुणी आलं तर असावं बरं." मंगळवारी तेच, बुधवारीही तेच. गुरुवारी शर्टाची बटणं वरखाली लागली होती. ती मी नीट लावून दिली. शुक्रवारी हे उशिरापर्यंत उठले नाहीत, आणि उठले ते बनियनवरच बसून राहिले. मी विचारलं, "आज शर्ट नाही?" म्हणाले, "राहू दे. तिला कामं असतील." त्यानंतर हा विषय यांनी पुन्हा काढला नाही. काही दिवसांनी तो यांच्याकडून गेलाच. मला सुटल्यासारखं वाटलं होतं, हेही लिहिते.

बबडी शंभराव्या भागासाठी बुधवारी येणार होती. विमानतळावरून घरी येताना गाडीत तिला सगळं सांगायचं मी ठरवलं होतं. वाक्यंसुद्धा तयार केली होती, दोनदा तपासलेली. ती मंगळवारी आली, आम्हाला चकित करायला. सकाळी दहाला बेल वाजली. माझे हात कणकेत होते. दार यांनी उघडलं.

"या, बसा," हे म्हणाले. "काय बिघडलंय?"

बबडी खदखदून हसली. बॅग दारातच टाकून यांच्या कामाच्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसली. "अगदी टीव्हीतल्यासारखं, बाबा!" मी स्वयंपाकघराच्या दारात आले आणि तिथेच थिजले. तिने मनगटावरचं घड्याळ काढून यांच्या हातात दिलं. तिकडे जाताना यांनीच तिला दिलेलं. "दिवसाला दहा मिनिटं मागे पडतंय हो घड्याळजी. बघा काही होतंय का."

यांनी ते उलटं केलं, कानाला लावलं. "चांगली वस्तू आहे. कुणी दिली?"

"आमच्या बाबांनी."

"जाणकार माणूस दिसतो."

ती इतकी हसली, की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "बाबा, पुरे आता! जवळ घ्या ना!" म्हणून तिने हात पुढे केले. हे जरा मागे सरले. मग अदबीने पेन्सिल उचलली, कागद पुढे ओढला आणि विचारलं, "नाव काय लिहू?"

ती अजून हसतच होती. यांनी पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने, गिऱ्हाईकाला ऐकू कमी येत असेल अशा बेताने, "नाव, नाव. पावतीवर लिहायला." पेन्सिल कागदाला टेकवून हे तिच्याकडे बघत थांबले. त्या नजरेत चेष्टा नव्हती. तिच्या तोंडावर हसू होतं तसंच राहिलं, कुणी तरी ते पुसायला विसरल्यासारखं. मग तिने माझ्याकडे बघितलं.

"आई?"

मी तिला स्वयंपाकघरात घेतलं आणि सांगितलं. तयार केलेलं एकही वाक्य कामी आलं नाही. ती ओट्याला टेकून उभी होती. रडली नाही. पूल कुठे खचला ते शोधावं, तसे एकेक प्रश्न विचारत गेली.

"कधीपासून?"

"सव्वा वर्ष."

"मी उन्हाळ्यात आले असते तर ओळखलं असतं?"

"हो."

"नुसतं 'हो' काय म्हणतेस! ओळखलं असतं, नक्की?"

"नक्की. उन्हाळाभर ओळखत होते. आणि नंतरही दोन महिने."

मग ती म्हणाली, "तू काढलेले तुकडे कुठे आहेत? मला बघायचेत. अडखळलेले बाबा चालतील मला. मला तेच हवेत."

"पुसले."

"सगळे?"

"तशी रीतच आहे आमची."

"काय होतं त्यांत?"

इथे मला अजून एकदा कापता आलं असतं. मी कापलंही. म्हटलं, "अडखळणं, दुसरं काय असणार?" तिने मान हलवली आणि बाहेर जायला वळली. तिची पाठ यांच्यासारखी आहे, डावा खांदा जरा खाली. तिला तसं जाताना बघून माझ्याने राहवेना. मी म्हटलं, "थांब. एकदा ते तुझ्याशी बोलले होते."

मग मी तिला ती आठ मिनिटं सांगितली. मला ती पाठ होती. पुसलेलं यंत्रातून जातं, मुद्रितशोधकाच्या डोक्यातून जात नाही. 'बबडे'पासून 'मी ओळखतोय तोवर ये'पर्यंत, जिथे हे थांबले होते तिथे मीही थांबले. एकही थांबणं गाळलं नाही. ते कापताना मला तीन मिनिटं लागली होती. सांगताना आठच्या आठ लागली.

बबडी खाली फरशीवर बसली. बराच वेळ तिने तोंडावर दोन्ही हात धरले होते. ते काढून ती म्हणाली, "त्यांना वाटलं, मी ऐकलं."

"हो."

"ऐकलं आणि आले नाही."

मी इस्त्रीच्या शर्टाचंही सांगितलं. सांगायला नको होतं की सांगायलाच हवं होतं, मला अजून ठरवता येत नाही. चार सकाळी बसले होते म्हटल्यावर तिच्या घशातून जो आवाज आला, तो मी तिच्या लहानपणी, तापातही, ऐकला नव्हता. मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले. तिने तो बाजूला केला. जोरात नाही, नुसता बाजूला केला.

"त्यांना सांग," ती म्हणाली. "आत्ता. माझ्यासमोर. मला काही माहीत नव्हतं, म्हणून सांग."

"त्यांना आता काय कळणार बबडे?"

"तू सांग."

बाहेरच्या खोलीत हे भिंग डोळ्याला लावून तिचं घड्याळ उघडून बसले होते. बोटं सरसर चालली होती. मी समोरच्या खुर्चीत बसले. बबडी माझ्यामागे उभी राहिली. हाताला अजून कणीक होती, ती मी पदराला पुसली.

"अहो," मी म्हटलं. "जरा ऐकता का?"

यांनी भिंग काढून ठेवलं. गिऱ्हाईक बोलायला लागलं की काम थांबवायचं, ही यांची जुनी शिस्त.

"तुम्ही बबडीसाठी निरोप ठेवला होता. कार्यक्रमात. तिला ये म्हणाला होतात. तो निरोप तिला मिळालाच नाही. मी तो काढून टाकला. तुम्ही विचारलंत, सगळा गेला का, तेव्हा मी हो म्हटलं. ते खोटं होतं. तुम्ही चार दिवस वाट बघितलीत, मला दिसत होतं, तरी मी बोलले नाही. तिला कळलं असतं तर ती धावत आली असती. तिची काही चूक नाही. माझी आहे. सगळी माझी आहे."

एवढं बोलून मी रडायला लागले. यांच्यासमोर मी लग्नानंतर फार तर दोनदा रडले असेन. हे अस्वस्थ झाले. पेन्सिल उचलली, ठेवली. टेबलाच्या खणातून काचा पुसायचं स्वच्छ फडकं काढून माझ्यापुढे सरकवलं. त्या दिवशी सकाळीच मला 'अगं, चहा दे' म्हणाले होते. आता माझ्याकडे नीट, काळजीने, अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं.

"बाई," हळूच म्हणाले, "हे तुम्ही तुमच्या मिस्टरांना सांगितलंत का?"

मी फडकं तोंडाला लावलं. मागे बबडीचा श्वास ऐकू येत होता.

"नाही ना? मग मला सांगून काय उपयोग? घरी जा आणि त्यांना सांगा. आजच सांगा, ठेवू नका." हे टेबलावरून जरा पुढे वाकले. "ऐकून घेतील ते."

"सांगते," मी म्हटलं.